प्रीतिभोजन आणि दानातलं उरलेलं अन्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बेळगावच्या चर्चच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासना सुटली की प्रीतिभोजन असतं, शंभर ते सव्वाशे पानं. निम्म्याच्या वर सामान दानाचं, कुणाच्या लग्नात उरलेलं, बेकरीत न खपलेला पाव, बाजार उठताना राहिलेली भाजी, हार्वेस्टला म्हणजे सुगीच्या सणाला आलेलं धान्य. खानापूर, नंदगड, निपाणीकडच्या चर्चच्या मंडळ्यांतून फोन येतात की तुम्ही हे कसं जमवता, आमच्याकडं एक तर नासतं नाहीतर लोक तोंड वाकडं करतात. दरवेळी तेच तेच सांगून दमले म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. मी काही डायटिशियन वगैरे नाही, किचन बघते एवढंच.

देवाच्या घरात उरलेलं वाढायचं, हे बरं दिसतं का?

हा प्रश्न बहुतेक वयस्कर मंडळी विचारतात आणि त्यांचं चुकीचं काही नाही. बायबलमध्ये योहानाच्या सहाव्या अध्यायात बघा, पाच भाकरी दोन मासळ्या आणि पाच हजार माणसं, सगळी जेवल्यावर येशू शिष्यांना सांगतो की उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जायला नको, आणि बारा टोपल्या भरतात. त्या बारा टोपल्यांचं पुढं काय केलं ते कुठं लिहिलेलं नाही, आणि किचनमध्ये उभी राहायला लागल्यापासून मला तेवढाच प्रश्न पडतो, कारण खरं काम तिथूनच सुरू होतं की हो. आता दुसरीकडे निर्गमाचा सोळावा अध्याय उघडा. मान्ना, म्हणजे रानात देवानं रोज दिलेलं अन्न, सकाळपर्यंत ठेवू नका म्हणून सांगितलं होतं, काहींनी ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. म्हणजे टाकायचं पण नाही आणि नुसतं साठवून पण ठेवायचं नाही, दोन्ही एकाच पुस्तकात आहे. आम्ही एवढंच बघतो की हेच ताट आपल्या घरी पाहुणा आला तर त्याच्यापुढं ठेवू का. ठेवताना हात अडखळला तर ते हॉलमध्ये पण नको.

मग काय घेता आणि काय घेत नाही?

आपल्याकडं तीन शब्द आहेत, उरलेलं, शिळं आणि उष्टं, आणि आमचा सगळा नियम या तीन शब्दांवर चालतो. उरलेलं घेतो. शिळं कधीचं आहे ते विचारून, बघून, मग ठरवतो. उष्टं कधीच नाही.

आता लग्नात उष्टं म्हणजे ताटातलं हे सगळ्यांना कळतंच, पण बुफेच्या टेबलावर जे डबे लावलेले असतात, ज्यात दोनशे माणसांनी चमचा घातलाय, कुणी पुरीचा तुकडा पाडलाय, पोरांनी हात घातलाय, आणि ते तीन तास तिथं उघडं कोमट पडलंय, ते पण आम्ही उष्ट्यातच धरतो. केटररला आधीच सांगून ठेवायचं की आतल्या भटारखान्यात जे झाकलेलं भगुणं आहे, ज्याला वाढपी सोडून कुणाचा हात लागला नाही, तेवढंच द्या. एवढं एक वाक्य आधी सांगितलं की निम्मी कटकट संपते. केटरर लोकांना याचा राग येत नाही हा माझा अनुभव, घरच्या लोकांना येतो.

लग्नाचा भात रात्री अकराला आला तर?

परत पाठवतो. खरं सांगायचं तर भाताला मी सगळ्यात जास्त घाबरते, मटणापेक्षा जास्त.

पहिल्या वर्षी आम्ही एक मोठं भगुणं भरून पांढरा भात घेतला होता, रात्री साडेदहाला आला, वर ओलं फडकं टाकून हॉलच्या कोपऱ्यात ठेवला, पावसाळ्याचे दिवस, हवा गारच होती त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. सकाळी वरचा भात मोकळा आणि थंड होता. मी हात कोपरापर्यंत आत घातला तर मध्ये भगुणं अजून कोमट होतं. कळायला पाहिजे होतं, नाही कळलं. त्याचं चित्रान्न केलं, हळद लिंबू शेंगदाणे कढीपत्ता, झकास दिसत होतं, आणि क्वायरच्या पोरांनी प्रॅक्टिस होती म्हणून लवकर खाल्लं. दोन तासांत सहाजण ओकायला लागले. बाकीच्यांचं वाढायचं राहिलं होतं म्हणून वाचलो.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू असतात, मातीतूनच येतात, आणि त्यांचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष एकदा तयार झालं की फोडणी द्या नाहीतर परत उकळा, ते तसंच राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. म्हणून भाताला एकच प्रश्न, चुलीवरून कधी उतरला? दोन तासांच्या आत आमच्याकडं पोचला आणि आम्ही लगेच पसरून गार करून फ्रीजला लावला तर दुसऱ्या दिवशी वापरतो. नाहीतर नाही. "बघा की हो अजून मऊ आहे" याला काही अर्थ नाही.

चांगलं खळखळ उकळलं की सगळं मरतंय ना?

जिवाणू मरतात, विष नाही. वर भाताचं सांगितलंच. त्यामुळं गरम करणं ही शेवटची पायरी, खराब झालेलं दुरुस्त करायचा उपाय नव्हे. जे नीट ठेवलेलं आहे ते वाढायच्या आधी आतपर्यंत ७५ अंश तापलं पाहिजे, म्हणजे कडेला बुडबुडे आले एवढ्यावर थांबायचं नाही, मधोमध उलथनं घालून ढवळून सगळीकडून वाफ आली पाहिजे. आणि एकदाच. गरम केलं, उरलं, परत गार केलं, परत गरम, हे आमच्याकडं बंद आहे. आता आम्ही एक किचन थर्मामीटर घेतलाय, काडीसारखा असतो, मध्ये खुपसायचा. आधी सगळ्या बायका हसल्या, आता तो सापडला नाही की आरडाओरडा होतो.

वास घेऊन, चव बघून कळत नाही काय?

आंबलेलं कळतं. माणसाला आजारी पाडणारं बऱ्याच वेळा कळत नाही, आमच्या त्या चित्रान्नाला काडीचा वास नव्हता. आणि चव बघणारा माणूस हा पण माणूसच आहे, त्याचंच पोट पहिल्यांदा बिघडणार. नाक वापरा, पण घड्याळ आधी.

एवढं मोठं भगुणं थंड कसं करायचं? फ्रीजमध्ये तर मावत नाही.

हाच खरा प्रश्न आहे आणि फार कमी लोक विचारतात. ५ ते ६० अंशाच्या मधलं तापमान म्हणजे जिवाणूंचं राज्य. गरम ठेवायचं तर ६० च्या वर, गार ठेवायचं तर ५ च्या खाली, आणि मधला टप्पा जेवढा पटकन ओलांडता येईल तेवढा ओलांडायचा. वीस लिटर आमटीचं भगुणं झाकण लावून ठेवलं तर ते रात्रभर मधल्या टप्प्यातच बसतं. मटणाचा रस्सा, घट्ट डाळ, पावभाजी असलं दाट काही असेल तर आणखी वाईट, कारण त्यात तळाला हवा नसते आणि तिथं क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा दुसरा एक प्राणी वाढतो, त्याला हवा लागतच नाही. त्याचा त्रास पोटात मुरडा आणि जुलाब.

आम्ही काय करतो, तर भगुणं आलं आलं की लगेच परातीत काढतो, लग्नात पिठाला वापरतात त्या मोठ्या पराती, दोन इंचापेक्षा जास्त थर नाही. भात असेल तर झाऱ्यानं मोकळा करून पसरतो आणि वर पंखा लावतो. आमटी, रस्सा असेल तर छोट्या डब्यांत वाटून ते डबे थंड पाण्याच्या टबात उभे करतो आणि पाणी दोनदा बदलतो, बर्फ मिळाला तर बर्फ. मधून मधून ढवळायचं. जाळीची झाकणं घाला, हॉलला पाली आहेत. कोमट झालं की लगेच फ्रीज. पूर्ण गार व्हायची वाट बघत ओट्यावर ठेवू नका, "गरम ठेवलं तर फ्रीज बिघडतो" म्हणून आपल्या आया ठेवायच्या तसं, कारण तेवढ्यात उशीर होतो. हे सगळं करायला चार हात लागतात, म्हणून रात्री चारजण यायला तयार असतील तरच शिजलेलं दान घ्या. माणसं नसतील तर घेऊच नका.

फ्रीजमध्ये किती दिवस?

शिजलेलं आम्ही शनिवारी घेतो आणि रविवारी वाढतो, त्यापुढं नाही. फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ ला, चिकन, मटण, किसलेलं खोबरं, मटार हे चांगलं टिकतं, पण आमच्याकडं लाईट गेली तर काय, हा प्रश्न असतो. दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस आणि फ्रीज चार तास तग धरतो. म्हणून लाईट गेली की दारावर एक कागद चिकटवायचा, "उघडू नका", वेळ लिहून. नाहीतर प्रत्येकजण येऊन उघडून बघतो की गार आहे का.

डब्यावर काय लिहायचं?

काय आहे, कधी शिजवलं, कुणाकडून आलं, व्हेज की नॉनव्हेज. चारच गोष्टी. पण कसं लिहायचं हे जास्त महत्त्वाचं. आमच्या किचनमध्ये मराठी लिहिणाऱ्या आहेत, कन्नड लिहिणाऱ्या आहेत, आणि कॉन्व्हेंटची पोरं इंग्रजीत लिहितात. एकदा एका मावशींनी डब्यावर मराठीत १ तारीख टाकली, दुसरीनं ती इंग्रजी नऊ म्हणून वाचली, कारण आपला १ आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखेच दिसतात, आणि आठ दिवसांची कोशिंबीर ताजी म्हणून बाहेर निघाली. नशीब, झाकण उघडल्या उघडल्या कळलं. तेव्हापासून आकडा नाही, वार लिहायचा. "शनिवार रात्री" असं अक्षरात, आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी रंगीत टेप, शुक्रवारला निळा, शनिवारला लाल. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, डब्याचा प्रश्न आम्ही सोडवलाय.

मेनू आधी ठरवता का?

अर्धा. शंभर माणसांना आठ किलो तांदूळ आणि तीन किलो तूरडाळ आम्ही मंडळीच्या पैशानं विकत घेतोच, दान येवो न येवो. आमटीभात नक्की. भाकरी पाव काहीच नसेल तर तांदूळ दहा किलो. बाकी भाजी, गोड, सोबतचं हे शनिवारी संध्याकाळी सहा वाजता टेबलावर काय पडलंय ते बघून ठरतं. ज्या मंडळ्या आधी मेनू छापून व्हॉट्सॲपवर टाकतात त्यांची फजिती होते, टोमॅटो येणार म्हणून सार ठरवलं आणि आलाय भोपळा.

पाव फार येतो, त्याचं काय करायचं?

पाव हे सगळ्यात सोपं दान आहे, मला पाव आला की बरं वाटतं. आधी बुरशी बघा. एका पावावर हिरवा ठिपका दिसला तर तेवढा भाग तोडून बाकी वापरायचा नाही, पावासारख्या मऊ पदार्थात बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते. त्या लादीतले चिकटलेले सगळे पाव बाहेर.

बाकी चांगला पण कडक झालेला पाव असेल तर पहिलं पावाचं उप्पीट. हातानं मोठे तुकडे करायचे, ताकाचा हबका मारून दहा मिनिटं ठेवायचे, मग मोहरी, उडीदडाळ, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा परतून त्यात टाकायचे आणि झाकण न ठेवता हलवायचे, झाकण ठेवलं की गिच्च होतं. शंभर माणसांना सोबत म्हणून साठ सत्तर पाव पुरतात. दुसरं म्हणजे उन्हात वाळवून मिक्सरला चुरा, तो डब्यात ठेवला की कटलेटला, भजीला, रश्श्याला दाटपणा आणायला कधीही. उरलेला बटाटा आणि हा चुरा असेल तर कटलेटचा दिवस, पोरं खूश.

आणि तिसरं पुडिंग. ओव्हन नाही म्हणून बरेच लोक याच्या नादाला लागत नाहीत. आम्ही काय करतो, चाळीस पाव, चार लिटर दूध, दोन डझन अंडी, दीड किलो गूळ, जायफळ, सगळं कालवून ट्रेमध्ये भरतो आणि ओळखीच्या बेकरीत पाव भाजून झाल्यावर भट्टी उतरती असते तेव्हा ठेवायला देतो. पाऊण तासानं आणायला जायचं. भट्टीतून काढताना वरचा गूळ करपल्यासारखा काळसर होतो, कडेनं चिकटतो, आणि तो कडेचा तुकडा कुणाला मिळणार यावर तरुण संघात भांडणं होतात. भट्टी मिळाली नाही तर इडलीपात्रात वाट्या ठेवून वाफवा, चव तीच, फक्त ती कड मिळत नाही. अंडं न खाणारे असतील तर एक ट्रे बिनअंड्याचा, कस्टर्ड पावडर घालून, आणि त्याला वेगळी खूण करा.

भाजी मरगळलेली असते.

मरगळलेली चालते, सडलेली नाही. मऊ पडलेले टोमॅटो सारासाठीच जन्मलेले असतात. कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला, नवलकोलाचा पाला, फ्लॉवरचे दांडे कुणी टाकायला लागलं की मी ओरडते, बारीक चिरून डाळीत टाका, नाहीतर मुद्दाभाजी, म्हणजे घट्ट पालेभाजी, करा. पालेभाज्या तीन पाण्यांतून धुवायच्या, पावसाळ्यात पाच. बटाटा हिरवा पडला असेल किंवा लांब कोंब आले असतील तर नको, त्यात सोलानिन नावाचं विष असतं आणि शिजवून जात नाही.

हार्वेस्टला आलेल्या धान्याचं काय करता?

आमच्यात सुगीच्या सणाला लोक तांदूळ, गूळ, नारळ, भोपळे, केळीचे घड, कोंबड्या सगळं अर्पण म्हणून आणतात आणि मग लिलाव होतो. एकच भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा परत दान देतो. पैसे चर्चला मिळतात, भोपळा शेवटी किचनला येतो.

भानगड असते तांदळाची. प्रत्येक घरातून दोन दोन किलो येतो आणि कुणीतरी हौशी माणूस सगळा एकाच पोत्यात ओततो. त्यात खानापूरकडचा नवा इंद्रायणी असतो, कुणाचा जुना सोना मसुरी, कुणाचा रेशनचा. असा मिक्स तांदूळ भाताला लावला तर नवा गिच्च गोळा होतो आणि जुना तोपर्यंत कच्चाच. दोन वर्षं आम्ही असा भात लोकांना खाऊ घातला, लोक चांगले म्हणून काही बोलले नाहीत. आता मिक्स पोतं सरळ गिरणीवर जातं आणि तांदळाच्या भाकरीचं पीठ होतं, नाहीतर भिजवून इडलीला. इडलीला मिक्स तांदूळ चालतो, तिथं कुणी कुणाची वाट बघत बसत नाही. पेज पण छान होते. आणि पुढच्या हार्वेस्टला दारातच तीन पोती ठेवा, नवा, जुना, रेशन.

तांदळात किडे झाले असतील तर चाळून, पाखडून, ऊन दाखवून चालतो. शेंगदाण्याला आणि मक्याला मात्र हा नियम लावू नका. शेंगदाणा बुरशी आलेला, काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा असेल तर सगळा टाकून द्या, त्यात अफ्लाटॉक्सिन असतं, लिव्हरला वाईट, आणि भाजून सुद्धा जात नाही. शेंगाचटणी लालभडक केली की सगळं लपतं, म्हणून कुटायच्या आधीच निवडून घ्यायचं.

मटण, चिकन, पोर्क?

शिजलेलं नॉनव्हेज बाहेरचं घेत नाही. बिर्याणी तर अजिबात नाही, मटण आणि भात दोन्ही एकाच भगुण्यात, तेही दम दिलेलं जाड बुडाचं. कुणाला द्यायचंच असेल तर कच्चं द्या, आम्ही शिजवतो, नाहीतर अंडी द्या. पोर्क आमच्याकडं काही घरांत चवीनं खातात आणि काही घरांत शिवत नाहीत, शिवाय प्रीतिभोजनाला शेजारपाजारचे पण असतात, गल्लीतल्या मुसलमान अक्का असतात, लिंगायत काका असतात, त्यांच्या ताटात काय पडतंय याची काळजी आपली. म्हणून ते हॉलच्या जेवणात नाहीच. व्हेज आणि नॉनव्हेजचे झारे वेगळे, टेबल वेगळी. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस फक्त व्हेज, त्याच दिवसांत जास्त लोक जेवायला येतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

पाकिटावरची तारीख गेलेली असेल तर?

"यूज बाय" किंवा "एक्सपायरी" गेली की कचऱ्यात, चर्चा नाही. "बेस्ट बिफोर" म्हणजे तोपर्यंत चव आणि कुरकुरीतपणा चांगला राहणार असं कंपनी म्हणते, त्यानंतर लगेच विष होत नाही. तरी आमच्याकडं ती उलटलेली पाकिटं पण घेत नाही, कारण कोपऱ्यात बसलेली एखादी आजी ते पाकीट उलटं करून तारीख वाचते आणि तिला काय वाटतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. फुगलेला टिन, गंजलेला टिन नको. आणि तळून उरलेलं तेल बऱ्याच लोकांना "एवढं पंधरा लिटर वाया कशाला" म्हणून द्यायचं असतं. नको.

नको म्हटलं तर लोकांना राग येतो, कसं सांगायचं?

येतो. एका घरच्यांनी मुलाच्या लग्नातला गुलाबजाम आणि पुलाव रात्री बाराला आणला होता, मी पुलाव परत दिला, तर सहा महिने मला "प्रभूमध्ये सलाम" पण घातला नाही. आता मी एकटीनं नको म्हणत नाही, दारावर बोर्ड आहे आणि पाळकसाहेबांनी वेदीवरून सांगितलंय की शिजलेलं अन्न रात्री नऊच्या पुढं घेतलं जाणार नाही. नियम बोर्डानं सांगितला की राग बोर्डावर निघतो. शिवाय नुसतं नको म्हणू नका, काय हवंय ते सांगा. आमच्याकडं एक कागद आहे, त्यावर कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ, तूरडाळ, चहापत्ती, तेलाचा नवा डबा, कागदी ताटं असं लिहिलंय. विशेषतः कडक भाकरी, ज्वारीची पापडासारखी कडक, ती कोरड्या जागी महिनाभर सुद्धा काही होत नाही, डब्यात रचून ठेवली की कुठल्याही रविवारी कामाला येते. दाटसर आमटीत चुरून खायची. लग्नघरांना मी आता आधीच सांगते, पुलावापेक्षा दोनशे कडक भाकरी द्या.

कायदा काय म्हणतो, काही झालं तर जबाबदारी कुणाची?

मी वकील नाही. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एफएसएसएआय, म्हणजे सरकारचं अन्नसुरक्षा बघणारं खातं, त्यांच्या २०११ च्या लायसन्सिंगच्या नियमांत, धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारे पण छोट्या अन्नव्यावसायिकांच्या व्याख्येत येतात, म्हणजे रजिस्ट्रेशन चर्चला पण लागू आहे, ते ऑनलाइन होतं. आणि २०१९ मध्ये उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल वेगळे नियमच आलेत. आमच्या कमिटीतल्या एका सरांनी रजिस्ट्रेशन करून टाकलं, फ्रेम करून किचनमध्ये लावलं, आता त्यावर तेलाचे डाग पडलेत. कुणी दिलं, कधी दिलं, कुणी घेतलं याची एक दोनशे पानी वही ठेवा. नियमासाठी नको असेल तर स्वतःसाठी ठेवा, उद्या कुणाला त्रास झाला तर काय खाल्लं होतं हे डॉक्टरला सांगता आलं पाहिजे.

शुगरवाले, ॲलर्जीवाले?

शेंगदाणा आपल्याकडं सगळ्यात असतो, चटणीत, भाजीत, कोशिंबिरीत, चित्रान्नात. म्हणून एक भाजी बिनशेंगदाण्याची ठेवतो आणि दानाच्या शिजलेल्या पदार्थात काय आहे ते केटररला विचारून डब्यावर लिहितो. शुगरवाल्यांना गोड देऊ नका म्हणून सांगितलं तर ते रागावतात, म्हणून पुडिंग लहान वाटीत आणि दुसऱ्यांदा नाही, सगळ्यांनाच नाही.

जेवणं झाल्यावर परत उरलं तर?

झाकून ठेवलेलं, टेबलावर न आलेलं असेल तर घरी डबा देतो, पण त्याच वेळी, दुपारी दोनच्या आत, आणि "आजच खा" असं सांगून. जे एकटे राहतात, ज्यांची पोरं पुण्याला नाहीतर बेंगळूरला आहेत, त्यांचे डबे आधी भरतो, आणि सगळ्यांसमोर देत नाही, चपलांच्या रॅकजवळ पिशवीत ठेवतो, त्यांना माहीत असतं. टेबलावरचं कुणालाच नाही.

उरलेला भात आम्ही आधी शेजारच्या गोठ्यात द्यायचो, पुण्याचं काम म्हणून. एका रविवारी जरा जास्तच गेला, आणि दुसऱ्या दिवशी गोठेवाले अण्णा आले की म्हैस फुगलीय, डॉक्टर बोलवावा लागला. शिजलेला भात एकदम भरपूर खाल्ला की जनावराच्या पोटात आम्ल वाढतं. आता त्यांच्याकडं फक्त भाजीची सालं, पाला आणि मक्याची कणसं सोलून राहिलेली पानं जातात, भात मागच्या खड्ड्यात, वर माती आणि सुका पाला, त्याचं खत झेंडूला.

भांडी कोण घासतं?

कागदावर तरुण संघ. प्रत्यक्षात पाळकबाई, दोन मावश्या आणि मी, आणि ते मोठं भगुणं घासायला आडवं करून त्यात अर्धं शिरावं लागतं. तुमच्यातलं कुणी येणार असेल तर काथ्या घेऊन या, मागच्या वेळचा संपलाय.